आठ तासांच्या लाईटीत लिनक्स

आमच्या वस्तीवर लाईट आठ तास असती, आणि तीही मोटारीची. आमच्या गावात, धावड्यात, गावठाणाची लाईट येगळी, आणि आमच्यासारख्या शेतात घर बांधून राहणाऱ्यांची येगळी. मिरचीला पाणी द्यायसाठी जी तार आली, तिच्यावरच आमचा पंखा, मिक्सर, मोबाईल आणि माझा लॅपटॉप चालतो. काही दिवस ती दिवसा असती, मंग पाळी बदलून रात्री. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं, किंवा बराबर सांगायचं तर जे केलं न्हाई, त्यात ह्या लाईटीला मी लई वेळा साक्षीला उभं केलं.

पुण्यात मी नऊ वर्षं एका कंपनीत होतो. कानाला हेडफोन लावायचा, आणि ज्यांचं कॉम्प्युटर बिघडलं त्यांना सांगायचं, सर, एकदा बंद करून चालू करा. त्यानं झालं न्हाई तर केबल काढून लावा. त्यानंही झालं न्हाई तर, सर, मी तुमची तक्रार वर पाठवतो. वरचे लोक काय करायचे ते मला शेवटपर्यंत कळलं न्हाई. पण गावात मी कॉम्प्युटर इंजिनियर होतो. सुट्टीला आलो की लोक मोबाईल घेऊन यायचे, एकानं तर मिक्सर आणल्ता. मी तोही बंद करून चालू करून पाह्यला.

मंग कंपनीनं बोलणारं मशीन बसवलं आणि आम्हाला घरी पाठवलं. जे वाक्य मी नऊ वर्षं म्हणलो ते म्हणायला माणूस लागत न्हाई, हे त्यांना कळलं. मला त्यांच्या आधी कळायला पायजे होतं. मी सामान बांधलं, बायकोला घेऊन गावी आलो, मायजवळ. वर्षभर इथं तिथं अर्ज टाकले. कुठूनच काही आलं न्हाई. माय आणि बायको मिरचीत राबायच्या, मी पण राबायचो, पण सरीत वाकलेला माणूस मी न्हाईच असं मनात धरून. ह्यापेक्षा घाण गोष्ट माणसानं स्वतःच्या शेताला करू नये.

जेठ महिन्यात पुण्यातल्या मित्राचा फोन आला. हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. मी जेवायच्या सुट्टीत झोपायचो तेव्हा हा काहीतरी शिकत असायचा. आता तो दुसऱ्या कंपनीत हाय. तिथं छोट्या छोट्या मशीनच्या डब्यांमध्ये लिनक्स घालून विकतात. त्याच्या हाताखाली एक जागा निघणार होती. मार्कांची, डिग्रीची अट नव्हती. अट एकच. त्यानं फोनवर सांगितलं ते मला अजून पाठ आहे.

"तू एकदा स्वतःच्या हातानं लिनक्स पूर्ण बांध. पहिल्यापासून. आणि माझ्यासमोर बसून चालू करून दाखव. बाकी मी बघतो."

ज्यांना हे माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो तो मूळ प्रोग्रॅम, फुकट मिळणारा. बाजारात तो तयार मिळतो, पेनड्राईव्ह लावला की अर्ध्या तासात बसतो. पण एक प्रकार असा हाय की त्यात तयार काहीच मिळत न्हाई. प्रत्येक भागाचा कच्चा मजकूर आणायचा आणि आपल्याच मशीनकडून त्याचा चालता प्रोग्रॅम करून घ्यायचा. घर बांधायला विटा आणायच्या न्हाईत, विटांचा साचासुद्धा आपणच करायचा. असे शंभराच्या आसपास भाग. शेवटी मशीन चालू झालं तर त्यातला एकही तुकडा असा नसतो की जो तुम्ही ठेवला न्हाई. आणि झालं न्हाई तर दोष द्यायलाही दुसरं कोणी नसतं.

त्याची सगळी कृती इंटरनेटवर फुकट आहे. मी ती भोकरदनला झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली, स्पायरल लावून. चांगला जाड गठ्ठा झाला. दुकानदारानं विचारलं, कोणत्या परीक्षेचं हाय? मी म्हणलो, नोकरीचं. तो म्हणला, मंग मिळंल.

घरी आलो तर माय विहारातून येऊन पांढरं लुगडं बदलत होती. पुढं आषाढात वर्षावास सुरू झाला की तिथं रोज दुपारी ग्रंथवाचन असतं, त्याची तयारी चालू होती. तिनं गठ्ठा पाह्यला आणि विचारलं, कोणता ग्रंथ आणला रं? मशीनचा, मी म्हणलो. मंग वाच बाबा, ती म्हणली, संपला की खीर करू. आमच्याकडं ग्रंथ पूर्ण झाला की खीर करतात.

मी ग्रंथ वाचला. तीनदा वाचला. पेन घेऊन, खुणा करून. कोणत्या पानावर कोणती आज्ञा मशीनला द्यायची हे मला तोंडपाठ झालं. मित्राला फोनवर शंका विचारायचो, तो खूष व्हायचा. म्हणायचा, तुला तर सगळं येतं, आता हात घाल. हात तेवढा मी घातला न्हाई.

कारणं भरपूर होती आणि एकही खोटं नव्हतं, हाच तर सगळा घोळ झाला. लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी मरून दोन वर्षं झालेली, म्हणजे लाईट गेली की मशीन त्याच क्षणी बंद. एखादा मोठा भाग बांधायला हे मशीन चार-पाच तास घेणार, आणि मधी लाईट गेली की तो भाग पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्या शिवारात लाईट येती ती कशी, तर प्रत्येकानं मोटारीच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाईट आली की माणूस नसला तरी मोटार आपोआप चालू. सगळ्या शिवारातल्या मोटारी एकाच दमात सुरू होतात. व्होल्टेज असं पडतं की बल्बची नुसती तार लाल दिसती. लॅपटॉप हे सोसत न्हाई. लाईनमन सांगून सांगून थकला की ऑटो काढा. कोणी काढत न्हाई, कारण दुसऱ्यानं काढला न्हाई तर आपलंच पाणी मागं राहतं. आम्हीही काढला न्हाई.

बॅटरीसाठी मी जालन्याला गेल्तो. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत एक जण लॅपटॉप दुरुस्त करतो. त्यानं मशीन उलटं केलं, नंबर वाचला आणि सांगितलं की ह्या मॉडेलची बॅटरी आता येतच न्हाई, बिलकुल न्हाई. मी त्याचे आभार मानले. परतीच्या बसमध्ये मला एकदम हलकं वाटलं. भज्यांचा पुडा घेतला, खिडकीपाशी बसून खाल्ला. ते हलकं वाटणं मी त्याच दिवशी तपासायला पायजे होतं. बॅटरी मिळाली न्हाई म्हणून आनंद होणारा माणूस काय बांधणार, कपाळ?

बायकोला सांगितलं तर ती मिरच्या निवडत होती. वर न बघता म्हणली की मोटारी एकदा लागल्या की धा मिनिटांत व्होल्टेज बराबर होतं, ती मिक्सर तेव्हाच लावती. आणि मोठा भाग लाईट आल्या आल्या घ्यायचा, छोटे नंतर, म्हणजे आठ तासांत बसतं. पुस्तकातही तसंच दिलेलं होतं, दोन भागांच्या मधी थांबता येतं. ते मी तीनदा वाचल्तं. माझ्या इंजिनियरीचा निकाल तिनं मिक्सरवर लावला. मी म्हणलो, तुला वाटतं तितकं सोपं न्हाई ते.

तिचं डीएड लग्नाआधीच झाल्तं. पुण्यात भाड्याच्या खोलीत तिला कधी शिक्षिकेची नोकरी लागली न्हाई, आणि आता शिक्षक पात्रता परीक्षेची तिची ही शेवटची हिंमत होती, असं तीच म्हणायची. तिचा सगळा अभ्यास त्याच लॅपटॉपात होता. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, कोणाकोणाचे शिकवण्याचे व्हिडिओ. माझं लिनक्स बांधायचं तर डिस्क पूर्ण पुसावी लागणार. पेनड्राईव्हवर तिचं सगळं काढून ठेवता आलं असतं, पण ते उघडून वाचायला घरात दुसरं मशीन न्हाई, आणि बांधकामाचे तीन-चार आठवडे हे मशीन माझ्याच ताब्यात राहणार. परीक्षा तोंडावर. म्हणून मी मित्राला सांगितलं की बायकोची परीक्षा होऊ दे. मित्र म्हणला, जागा तोवर थांबणार नाही. मी म्हणलो, मंग काय करू, तिचं नुकसान करू का? हे म्हणताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं. बायको चुलीपाशी होती. तिनं ऐकलं.

आमच्या घरात रोज सकाळी वंदना असती. माय, बायको आणि मी. पंचशील बायको म्हणती स्वच्छ आवाजात, माय तिच्या मागून, आणि मी दोघींच्या मागं पुटपुटतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पुण्यात रोज शंभर लोकांना "आमचे तज्ज्ञ पाहत आहेत" असं सांगून सांगून माझं ते ढिलंच झाल्तं. तिचं न्हाई. दुकानदारानं चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत द्यायला ती गावात उलटी चालत जाती.

त्या फोननंतर ती लॅपटॉपवर जास्त बसायला लागली. दिवसाची पाळी असली की दुपारी, मिरची तोडून आल्यावर, जेवायच्याही आधी. समोर वही, कानात मोबाईलचा हेडफोन. मला वाटलं परीक्षा जवळ आली म्हणून जोर लावती. एकदा म्हणलो, लई लिहून राह्यली. ती म्हणली, लिहिलं की डोक्यात राहतं. मला बरंच वाटलं. ती मशीनवर होती म्हणजे मी नव्हतो, आणि त्याला कोणी मला काही म्हणू शकत नव्हतं.

मधी पावसानं दडी मारली. मिरची माना टाकायला लागली, ठिबक सुरू करावं लागलं. त्या आठवड्यात लाईटीची पाळी दिवसाची होती, सकाळी आठ ते दुपारी चार. शुक्रवारी सकाळी लाईट आली, शिवारातल्या मोटारी एकदम भणाणल्या, बल्ब लाल होऊन पुन्हा पांढरा झाला. बायकोनं चार मोठ्या वह्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. त्यांच्यावर लॅपटॉप ठेवला. चार्जर लावला.

"माझं सगळं ह्याच्यात उतरवून झालं," ती म्हणली. "आता मशीन तुमचं. पुसा काय पुसायचं ते."

मी म्हणलो, अगं पण व्हिडिओ? ती म्हणली, ते पण लिहिले. पदर खोचून ती ठिबकचे कॉक फिरवायला गेली. माय जेवण करून विहारात जाणार होती. मायनं जाताना सांगितलं की आज लाईट बी हाय, कर बाबा सुरू.

मी आधी वह्या उघडल्या. बालमानसशास्त्र, त्याच्या आकृत्या, पट्टीनं आखलेल्या. गणिताची उदाहरणं. व्हिडिओतला मास्तर एक गोष्ट दोनदा बोलला असंल तर तीही दोनदा लिहिलेली, मंग एकदा खोडलेली. एका वहीत निळी शाई संपली तिथून पुढं हिरवी, आणि हिरवी संपली तिथून पेन्सिल. चार वह्या, पाठपोट. मिरच्या तोडणाऱ्या बोटांनी. पानांना कुठं कुठं हात लागलेला होता, ते पान डोळ्यांजवळ नेलं की ठसका यायचा.

मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेच्या आधी राग आला. मी काय तिला सांगितल्तं का उतरवायला? माझ्या पायाखालचं शेवटचं कारण तिनं एक-एक ओळ करून काढून घेतलं होतं.

तरी मी, ज्याच्यावरून बांधकाम सुरू करायचं तो पेनड्राईव्ह लावला. काळा पडदा आला. पुस्तक उघडायची गरजच नव्हती. पहिलं काम डिस्कचे भाग पाडायचं. मशीननं विचारलं की ह्यावरचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का? हो किंवा न्हाई. त्याच्यापुढं ती छोटी रेघ लुकलुकत होती.

बाहेर मोटार एका सुरात चालली होती. डोक्यावर पंखा. व्होल्टेज अगदी बराबर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूनं सगळं होतं, आणि मी त्या रेघेकडं बघत बसलो. पुढच्या पानावर काय हाय, त्याच्या पुढच्या पानावर काय हाय, सगळं माहीत होतं. पण नऊ वर्षं जिथं अडलं तिथून मी वर पाठवत आल्तो. इथं वर कोणीच नव्हतं. हे बांधायला घेतलं आणि अर्ध्यात फसलं तर एक गोष्ट कायमची ठरणार होती, की ह्या माणसाला येत न्हाई. न बांधता राह्यलं तर मी लाईटीनं अडवलेला हुशार माणूस राहणार होतो. बिनकामाचा असलो तरी हुशार. मला तो माणूस सोडवत नव्हता. त्याच्याशिवाय माझ्याजवळ काही नव्हतं.

बाराच्या सुमाराला मित्राचा मेसेज आला. सुरू केलंस का, सोमवारी मला नाव द्यायचंय. मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. तो काढायचीही तसदी न घेता मी तसंच लिहिलं, "इकडे लाईटच नाही रे. जमणार नाही." त्याचं उत्तर लगेच आलं, "समजू शकतो. गावाकडं अवघडच असतं. दुसरं काही असलं तर कळवतो." त्यानं विश्वास ठेवला. पुण्यातला माणूस गावच्या लाईटीबद्दल काहीही खरं मानतो.

मंग मी न्हाई असं टाइप केलं. मशीन बंद केलं. पेनड्राईव्ह काढून खिशात घातला आणि तिथंच बसून राह्यलो. जेवलो न्हाई. उठलो न्हाई.

साडेतीनला बायको आली. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, हातात ठिबकच्या फुटलेल्या नळीचा तुकडा. दारातच उभी राहून तिनं विचारलं.

"झालं का सुरू?"

"लाईट गेल्ती," मी म्हणलो.

तोंडातून निघून गेलं. जेठापासून जे वाक्य पुरलं ते ह्या वेळेलाही पुरंल असं वाटलं असावं. तिच्यामागं मोटार चालू होती. सकाळपासून ती एका क्षणालाही बंद पडली नव्हती, आणि हे शिवारात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, कारण दर तासाला कॉक तीच बदलत होती. तिनं एकदा वर पंख्याकडं पाह्यलं. तो फिरत होता. मंग खाली वाकून तिनं चारी वह्या उचलल्या, ओला हात लागू नये म्हणून पदरात धरल्या, आणि म्हणली, "बरं."

ती भांडली असती तर मी भांडलो असतो. मला भांडता येतं. ती बरं म्हणून चुलीकडं गेली आणि मी पंख्याचं बटन बंद केलं. कशाला केलं कोणास ठाऊक. चारला तो तसाही बंद होणार होता.

पाचच्या पुढं माय आली. विहारातून वस्तीवर यायची पायवाट आमच्या मिरचीतूनच येती. तिच्या चपलेला सरीतला ओला चिखल होता. हौदापाशी तिनं पाय धुतले, हौद काठोकाठ भरलेला. तांब्या ठेवता ठेवता तिनं मला विचारलं, "झाला का रं ग्रंथ सुरू? लाईट होती ना आज दिवसभर?"

मी तोंड उघडलं, पण आवाज आधी चुलीपाशून आला.

"न्हाई आत्या," बायको म्हणली. "मधी गेल्ती."

मायनं भरलेल्या हौदाकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. आत जाऊन लुगडं बदलायला लागली. रात्री आम्ही तिघं जेवलो. भाकरी, ठेचा, वरण. मशीनच्या ग्रंथाचा गठ्ठा मी कोनाड्यात सरकवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला बसलो. पहिलं शील बायकोनं म्हणलं, दुसरं, तिसरं, नेहमीसारखं स्वच्छ. चौथ्याला ती थांबली. हात जोडलेले, मान खाली, ओठ बंद. माय एकटीच ते शील म्हणली. मंग पाचव्याला बायकोचा आवाज परत आला.